जोडीला माणूस

दाढ मोडली तेव्हा त्याच्या तोंडात काहीच नव्हतं.

नुकतं उजाडत होतं. वरच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यातल्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण त्याने पायाने बाजूला सारलं, छातीइतकी उंच चावी आत सोडली, आणि खालच्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर ती खट्ट करून बसली. आडवा दांडा दोन्ही हातांत धरून त्याने जोर लावला. त्याच वेळी डाव्या जबड्यात काडकन वाजलं. त्याला आधी वाटलं, व्हॉल्व्हचाच आटा गेला. मग जिभेला धार लागली. तळहातावर थुंकून पाहिलं, तर मक्याच्या दाण्याएवढा दाढेचा तुकडा.

तुकडा त्याने सदऱ्याच्या खिशात टाकला. चावीचे अकरा फेरे पुरे केले, पाइपातून पाणी निघाल्याची थरथर तळपायाला लागली, आणि घड्याळात बघितलं. सहा वाजून चार मिनिटं. सहा बावीसला बंद.

गावाला पाणी सोडायचं काम त्याच्याकडे अकरा वर्षं होतं. गल्ल्या चार. वरची, मधली, खालची आणि त्याही पलीकडची, जिला सगळे नुसती शेवटची म्हणत. विहिरीवरची मोटर शेतीच्या लाइनला दुपारी वीज आली की चालू करायची, टेकाडावरची टाकी भरून घ्यायची, आणि सकाळी एकेक गल्ली सोडायची. पूर्वी प्रत्येक गल्लीला अर्धा तास मिळायचा आणि कोणी घड्याळ बघायचं नाही. गेल्या वर्षी पाऊस नीट झाला नाही. यंदा उन्हाळा सुरू होतानाच विहिरीच्या तळाचे दगड दिसायला लागले, अर्ध्या तासाची अठरा मिनिटं झाली, आणि गावाने त्याचं नाव ठेवलं मिनिटराव. नाव ठेवलं वरच्या गल्लीतल्या दुकानदाराने. आता तर त्याचं खरं नाव कोणी घेतलं असतं तर तोच ओ द्यायला चुकला असता.

सहा बावीसला त्याने चावी उलटी फिरवायला घेतली तशी गल्लीतून पहिली हाक आली.

"अहो मिनिटराव, अजून पिंप अर्धं आहे आमचं."

"अठरा झाली."

"तुमचं घड्याळ पुढे आहे."

तो चावी फिरवत राहिला. दुकानदार दारात उभा होता. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात दात घासायचा ब्रश. त्याच्या ओट्याखालून बारीक घरघर येत होती. नळाला मोटर लावून तो सगळ्यांच्या आधी पाणी ओढून घेतो हे गल्लीला ठाऊक होतं. मिनिटरावने त्या घरघरीकडे बघितलं. दुकानदाराने ब्रश दुसऱ्या गालात घेतला.

"काय बघता? फ्रिज आहे."

फ्रिज ओट्याखाली कसा, हे विचारायचं जिभेवर आलं होतं, पण जिभेला तुटकी दाढ लागली. त्याने झाकण ओढलं, चावी खांद्यावर घेतली आणि मधल्या गल्लीकडे निघाला.

मधल्या गल्लीत दोन सासूसुनांनी वेगवेगळी तक्रार केली. खालच्या गल्लीत सुताराने दारातून हात केला. तो आणि मिनिटराव एका बाकावर बसून शिकलेले. पूर्वी खालचा व्हॉल्व्ह सोडला की अठरा मिनिटं सुताराच्या रंध्याशेजारी बसून गप्पा व्हायच्या. या उन्हाळ्यात मिनिटराव बसायचा बंद झाला होता. बसलं की लोक म्हणत, इकडे लोक तहानेने मरतायत आणि हा गप्पा मारतोय. त्याने सुताराला नुसती मान हलवली.

शेवटच्या गल्लीत पाणी पोचेपर्यंत धार करंगळीएवढी झालेली असायची. तिथल्या अगदी टोकाच्या घरात आत्या राहायची. ती कोणाची सख्खी आत्या होती ते आता गावात कोणाला सांगता आलं नसतं. ती सगळ्यांचीच आत्या झाली होती. एकटी बाई, तीन शेळ्या, एक गुडघा कामातून गेलेला, आणि तोंड मात्र शाबूत.

"आलास का? ये. हे बघ." तिने घागर तिरकी करून दाखवली. तळाला चार बोटं पाणी. "यात मी पिऊ, का शेळ्या पिऊ देत, का तुझं तोंड धुऊ?"

"आत्या, वरून जोरच नाही पाण्याला."

"जोर वरच्यांना बरोबर मिळतो. आम्हाला तुझं तत्त्वज्ञान मिळतं."

ती त्याला रोज बोलायची. रोज नवं बोलायची. तो जबडा आवळून ऐकायचा, आणि अठराव्या मिनिटाला चावी उलटी फिरवायचा.

घरी आला तेव्हा बायको कामाला निघायच्या घाईत होती. गावाबाहेरच्या पोल्ट्रीत अंडी निवडून ट्रेमध्ये भरायचं काम ती करायची. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्या टणक झाल्या होत्या, आणि हातांना कितीही धुतलं तरी पिसांचा वास राहायचा. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं.

"गाल का सुजलाय?"

"काही नाही."

"बोलताना तोंड वाकडं होतंय."

"काही नाही म्हटलं ना."

हे 'काही नाही' तो इतक्यांदा म्हणायचा की त्याची नऊ वर्षांची लेक ते खेळात वापरायची. बाहुलीला विचारायची, तुला काय झालं? आणि जाड आवाज काढून स्वतःच उत्तर द्यायची, काही नाही. बायकोने ऐकलं होतं. त्याने ऐकलं नव्हतं.

दोन दिवस त्याने लवंग धरली. तिसऱ्या दिवशी डोकं भणभणायला लागलं तेव्हा दुपारची मोटर लावून तो बाजाराच्या गावाला गेला. दाताची डॉक्टर त्याच्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती. तिने दिवा खाली ओढला, आरसा फिरवला आणि बराच वेळ नुसतं बघत राहिली.

"दात खाता का तुम्ही?"

"कोणावर?"

ती हसली. "झोपेत. करकर करता का?"

"बायको म्हणते करतो."

"तुमच्या सगळ्या दाढा झिजल्यात. उजव्या बाजूला आणखी एकीला तडा आहे. इतका जोर कशावर लावता?"

तोंडात तिची बोटं होती, म्हणून त्याला उत्तर द्यावं लागलं नाही. तिने दाढ भरली. मग हातमोजे काढता काढता विचारलं, "घरी बोलता का कोणाशी? दिवसभराचं?"

"दिवसभर लोकांशीच बोलतो की. तेच काम आहे."

"ते तुमच्याशी बोलत असतील," ती म्हणाली. "तुम्ही कोणाशी बोलता?"

तो खुर्चीतून उतरून चपला शोधायला लागला. दारापर्यंत गेल्यावर तिने मागून सांगितलं, "ओठ मिटलेले, दात सुटे. दिवसातून दहादा आठवण करा. नाहीतर उजवीकडचीही जाईल."

त्याने तेवढंच लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी चावी फिरवताना दात सुटे ठेवायचा प्रयत्न केला. दात सुटे ठेवले की ओठही सुटायचे. तोंड उघडं पडायचं.

"मिनिटराव, माशी गिळलीत का?" दुकानदाराने विचारलं. गल्ली हसली. त्याने तोंड मिटलं, आणि दात पुन्हा एकमेकांवर बसले.

त्या आठवड्यात पाणी गढूळ आलं. विहीर इतकी खाली गेली होती की मोटर गाळही ओढत होती. चारही गल्ल्यांतून लोकांनी तांबूस पाण्याचे तांबे आणून त्याच्या नाकाखाली धरले. एकीने म्हटलं, तुझ्या लेकीला पाज हे. पाणी समितीच्या अध्यक्षांनी फोन करून सांगितलं, "टाकी धुऊन घे आजच. आणि हे बघ, लोकांशी जरा गोड बोलत जा. तक्रारी येतात."

म्हणून तो दुपारी टेकाडावर गेला. टाकीच्या मागच्या अंगाला, अगदी बुडाशी, गाळ काढायचा व्हॉल्व्ह होता. तो उघडला की तळाचा चिखल मागच्या ओघळीत वाहून जायचा. त्याने तो उघडला, शिडीने टाकीत उतरला, खराट्याने तळ घासला. आत उकडत होतं. पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या आणि प्रत्येक खरखर चारी भिंतींवरून फिरून कानात येत होती. तरी त्याला आत बरं वाटलं. आत कोणी नव्हतं. काम संपल्यावरही तो दोन मिनिटं खराट्याला टेकून तसाच उभा राहिला.

बाहेर येऊन व्हॉल्व्ह बंद करायला घेतला, चार फेरे झाले, आणि फोन वाजला. वरच्या गल्लीत दुकानदाराच्या मोटरवरून भांडण पेटलं होतं. मधल्या गल्लीतल्या एका बाईने दुकानदाराच्या ओट्याखालची वायर उपटली होती आणि दुकानदार म्हणत होता, मिनिटरावला बोलवा, त्यानेच हिला सांगितलं. तो चावी उचलून तसाच उतारावरून धावत गेला. तिथे तासभर गेला. बाई त्याला म्हणाली, तुम्हाला दिसत होतं तर तुम्ही का नाही बोललात इतके दिवस. दुकानदार म्हणाला, भाडोत्री माणसाने मालकाच्या ओट्याखाली बघू नये. दोघांचंही त्याने ऐकून घेतलं. मग मोटरच्या विजेची वेळ झाली म्हणून सरळ विहिरीवर गेला आणि मोटर सुरू केली. एरवी संध्याकाळी तो टेकाड चढून टाकी किती भरली ते बघायचा. त्या संध्याकाळी डोकं ठणकत होतं. मोटर चार तास चालली म्हणजे भरली असणार, असं म्हणून तो घरी गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

सकाळी त्याने वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह सोडला. अकरा फेरे. तळपायाला थरथर लागली नाही. त्याने पाय बदलला. मग खड्ड्यात वाकून कान लावला. पाइपातून नुसती हवा ओढल्याचा आवाज येत होता.

टेकाड तो कसा चढला ते त्याला आठवलं नाही. शिडीवरून आत डोकावला तेव्हा तळाशी वीतभर पाणी होतं आणि त्यात आभाळाचा तुकडा हलत होता. मागच्या अंगाला न जाताच त्याला कळलं होतं. तरी गेला. बुडाचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता. ओघळीतला चिखल खालपर्यंत ओला काळा दिसत होता, दूर शेतांच्या बांधापर्यंत. आख्ख्या गावाचं एका दिवसाचं पाणी.

त्याने व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण तो आवळतच राहिला. खाली गल्ल्यांतून भांड्यांचे आवाज यायला लागले होते.

उतरला तेव्हा वरच्या गल्लीतली पहिलीच बाई समोर आली. "काय झालं हो? नळाला वारा येतोय."

"काल विहिरीवर वीज नव्हती," तो म्हणाला. "मोटर चाललीच नाही."

इतकं सोपं होतं ते. बाई म्हणाली, "बाई बाई, तुम्ही तरी काय करणार," आणि घागर कडेवर घेऊन परत गेली. या उन्हाळ्यात त्याच्याशी कोणी इतकं बरं बोललं नव्हतं. घरी पोचेपर्यंत त्याने ते आणखी तिघांना सांगितलं.

घरी लेक शाळेची तयारी करत होती. पिण्याच्या भांड्यातून पेला भरताना तिच्या हातून तो निसटला. पाणी जमिनीवरून पसरत त्याच्या पायापर्यंत आलं.

"डोळे फुटले का तुझे?" तो ओरडला, आणि त्याचा हात वर गेला.

हात तिथेच राहिला. लेकीने रडायला सुरुवात केली नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि मान खांद्यात ओढून घेतली, जणू ही गोष्ट केव्हातरी होणारच होती. ते बघून त्याने हात खाली घेतला आणि उंबऱ्यावर बसला. बायको डबा भरत होती. तिने डबा ठेवला, ओलं पुसलं, लेकीला शेजारच्या मुलींबरोबर शाळेला पाठवलं. मग त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"तुला उशीर होतोय असं म्हणू नका मला आज," ती म्हणाली. "काय झालं?"

"काही—" तो म्हणाला, आणि पुढचा शब्द आला नाही.

तोंड उघडं पडलं होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याने गुडघ्यांत डोकं घातलं. बायको शेजारी बसली. पिसांचा वास आला. तिने तळहात त्याच्या पाठीवर सदऱ्यावरून टेकवून ठेवला. गुडघ्यांतूनच त्याने सांगितलं. व्हॉल्व्ह, फोन, दुकानदार, टाकी. मग डॉक्टर काय म्हणाली ते. मग टाकी घासताना आत उभं राहून काय मनात आलं होतं ते, की वरचं झाकण कोणी लावून घेतलं तर बरं होईल. ते ऐकून तिचा हात एकदम थांबला, आणि मग तिने सदरा मुठीत धरला.

"हे कधीपासून?"

"काय माहीत. विहीर आटायला लागल्यापासून."

"आणि मला वाटत होतं माझाच काहीतरी राग आहे तुम्हाला," ती म्हणाली. "मी तिकडे अंडी निवडताना तेच निवडत बसायचे. काय चुकलं असेल म्हणून."

बाहेरून गलका ऐकू आला. शेजारीण दारात आली आणि पदराने वारा घेत म्हणाली, "वायरमनच्या दारात गेलेत सगळे. त्याची म्हातारी एकटीच आहे घरात. वीज का तोडली म्हणून विचारतायत. दुकानदार पुढे आहे."

मिनिटराव उठला. बायकोही उठली.

"तू कामाला जा. तुझी हजेरी जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि कडी लावून त्याच्या मागे निघाली.

वायरमनचं घर खालच्या गल्लीत होतं. दारात तीसेक माणसं होती, बायका घागरी घेऊन, पुरुष हात मागे बांधून. म्हातारी चौकटीला धरून उभी होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, की पोरगा कामावर गेलाय, तो आला की विचारा. अध्यक्षही येऊन पोचले होते, फोन कानाला लावून. मिनिटरावला बघून लोकांनी वाट दिली.

"हे बघा, हाच सांगेल," दुकानदार म्हणाला. "सांगा मिनिटराव, किती वाजता गेली वीज?"

त्याला कळलं की आपले दात आवळलेत. त्याने ते सुटे केले.

"वीज गेलीच नव्हती," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. टाकीचा बुडाचा व्हॉल्व्ह माझ्याकडून उघडा राहिला. पाणी ओघळीत गेलं. सगळं."

सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं, झोपला होता का. कोणी म्हणालं, आमच्या घरात बाळंतीण आहे, काय करू तिला. त्याने सगळं ऐकलं. म्हातारीकडे जाऊन हात जोडले. म्हातारीने त्याच्याकडे बघितलंही नाही, आत गेली आणि दार लावून घेतलं. ते त्याला सगळ्यांत लागलं.

"काढा याला," दुकानदार अध्यक्षांना म्हणाला. "आजच्या आज. आणि चावी घ्या."

अध्यक्षांनी फोन खिशात ठेवला. "काय रे, काय करायचं तुझं?"

"काढायचं तर काढा," मिनिटराव म्हणाला. आवाज चिरका येत होता, तो त्याला आवरेना. "पण मग जो येईल त्यालाही एकट्याला ठेवू नका. मला एकट्याला जमत नाही. विहीर, टाकी, चार गल्ल्या, भांडणं. अठरा मिनिटं मी ठरवली नाहीत, विहिरीने ठरवली, पण तोंड माझं दिसतं. मला झोप नाही. माझ्या दाढा मोडल्या. जोडीला माणूस द्या. प्रत्येक गल्लीतून एक. आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह त्याने सोडावा, त्यानेच बंद करावा. एवढंच मागतो."

"म्हणजे काम आम्ही करायचं?" कोणीतरी मागून म्हणालं.

"हो," बायको म्हणाली. ती आतापर्यंत त्याच्या मागे उभी होती. "थोडं तुम्ही करायचं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. सुतार गर्दीच्या कडेला उभा होता, कानावर पेन्सिल. तो पुढे आला. "खालची गल्ली मी बघतो," तो म्हणाला. मग मिनिटरावकडे न बघता, जरा रागानेच, पुढे बोलला, "माझ्या दारावरून रोज जातो लेकाचा. नुसती मान हलवून. मला वाटलं मोठा माणूस झाला."

तेवढ्यात आत्या लंगडत पुढे आली. शेवटच्या गल्लीतून तिला इथवर यायलाच इतका वेळ लागला होता. लोक जरा मागे सरले. आता ही काय बोलते ते ऐकायला सगळे गप्प झाले.

"माझ्या तीन शेळ्या तहानेल्या आहेत," ती म्हणाली. "त्यातली एक गाभण आहे. आज पाणी नाही म्हणजे तुझ्यामुळे नाही. हे मी विसरणार नाही, आणि तुलाही विसरू देणार नाही."

त्याने मान खाली घातली.

"सगळा उन्हाळा मी तुला शिव्या देतेय," आत्या म्हणाली. "रोज. एकदा तरी म्हणालास का, की आत्या, पुरे कर, आज माझ्याच्याने होत नाही? दगडासारखा उभा राहतोस. मला वाटायचं याला काही लागतच नाही, म्हणून मी आणखी मोठी शिवी शोधायचे. माझंही डोकं शिणायचं रे."

कोणीतरी हसलं. आत्याने तिकडे बघितलं तसं ते थांबलं.

"शेवटची गल्ली माझी," ती म्हणाली. "चावी किती जड असते?"

वरच्या गल्लीतून कोणी पुढे येईना. शेवटी वायर उपटणारी ती मधल्या गल्लीतली बाई म्हणाली, मधली मी घेते, आणि वरचीही बघते, मला ओट्याखालचे फ्रिज ओळखता येतात. दुकानदार दुकानाकडे चालू लागला. अध्यक्षांनी खिशातून कागद काढून नावं लिहून घेतली. मिनिटरावला त्यांनी महिनाभर बघतो असं सांगितलं. त्याचं काम राहिलं की गेलं, ते त्या दिवशी स्पष्ट झालं नाही. दुपारी सुताराने आपली हातगाडी काढली, दोघांनी विहिरीतून दोरीने पाणी ओढून पिंपं भरली आणि बाळंतिणीच्या घरी, वायरमनच्या म्हातारीच्या दारी आणि आत्याच्या शेळ्यांपुढे नेऊन ठेवली. म्हातारीने पिंप घेतलं. बोलली मात्र नाही. पुढेही बरेच दिवस बोलली नाही.

पाच दिवस त्याने तिघांना शिकवलं. सुताराला दोनदा सांगावं लागलं नाही. मधल्या गल्लीतली बाई चावी अशी फिरवायची की जणू कोणाचा कान पिरगाळतेय. आत्याचं मात्र गुडघ्यामुळे जमेना. जोर लावला की पाय सुटायचा. मग सुताराने चावीच्या दांड्याला लाकडाची लांब मूठ बसवून दिली आणि आत्या एका स्टुलावर बसून ती ओढायला लागली. दोन फेऱ्यांत दम लागायचा. "थांब, शिवी नको देऊ," ती स्वतःलाच म्हणायची, आणि पुढचा फेरा घ्यायची.

सहाव्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे टेकाड चढला, टाकीची पातळी बघितली, बुडाचा व्हॉल्व्ह हाताने चाचपला, दोनदा चाचपला, आणि वरच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मधल्या गल्लीतल्या बाईने चावी घेतली.

"तुम्ही का थांबलाय?"

"असंच. काही अडलं तर."

"अडलं तर हाक मारीन. जा घरी."

तो दहा पावलं गेला, परत आला. सुताराच्या दारावरून गेला. सुतार रंधा मारत होता, त्याने नुसता रंधा उगारला. शेवटी तो घरी आला आणि खाटेवर पडला. पडल्या पडल्या पाय हलत होता. वरची सुटली असेल. आता बंद व्हायला हवी. आता मधली. तो उठून बसला, पुन्हा पडला. दात आवळलेले होते. सोडले. पुन्हा आवळले गेले. कुठूनतरी ओरडण्याचा आवाज आला आणि तो ताडकन उठून दाराशी गेला. ओरडणं त्याच्यासाठी नव्हतं. दुसऱ्याच कोणाला कोणीतरी बोलत होतं, आणि मधल्या गल्लीतली ती बाई त्याहून मोठ्याने उत्तर देत होती.

त्याचं घर शेवटच्या गल्लीच्या अलीकडच्या टोकाला होतं. अंगणातल्या नळाशी लेक उकिडवी बसली होती. बायको भांडी ओळीने मांडत होती.

"बाबा, तुम्ही घरी?" लेकीने विचारलं. हात वर गेला होता त्या दिवसापासून ती त्याच्यापासून जरा लांब राहायची. आता तिने जागा केली, पण थोडीच.

तो तिच्याशेजारी बसला. गावातला प्रत्येक नळ त्याला ठाऊक होता. आपल्या घरी पाणी येतं तेव्हा तो एकदाही घरी नव्हता.

"आधी खोकतो," लेक नळाकडे बोट दाखवून म्हणाली. "मग थुंकतो. ते घ्यायचं नाही. मग येतं."

नळ खोकला. मग तांबूस गुळणी टाकली. मग करंगळीएवढी धार आली आणि हळूहळू पांढरी झाली. लेकीने कळशी खाली सरकवली. "धरा," ती म्हणाली, "हलवू नका, सांडतं." त्याने दोन्ही हातांनी कळशी धरली. गार पाणी बोटांवर उडत होतं. लेक त्याच्या हातांकडे बारकाईने बघत होती. तिने त्याचं मनगट धरून कळशी जराशी डावीकडे वळवली, आणि मनगट सोडायचं राहून गेलं.

दोन कळश्या भरल्या. तिसरी निम्मी झाली आणि धार बारीक होत थांबली.

त्याने घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं.

"सोळाच मिनिटं झाली," तो म्हणाला. "आत्याने दोन मिनिटं आधी बंद केलं."

"मग जा की," बायको म्हणाली. "जाऊन भांडा तिच्याशी."

तो उठला, फाटकापर्यंत गेला. गल्लीच्या टोकाला आत्या स्टुलावर बसली होती, लांब मूठ मांडीवर आडवी, आणि चार घरांच्या बायका तिच्याभोवती घागरी घेऊन उभ्या राहून तावातावाने बोलत होत्या. तो थोडा वेळ बघत राहिला. मग परत आला, निम्मी कळशी उचलून आत नेली, आणि वरून ताट झाकलं.